वारंवार बंद पडणारे जुने लॉन मोअर: दोष शोधावा कसा आणि काढावा कसा

आमच्या गृहसंकुलातील गवत कापण्याचे पेट्रोलचे यंत्र एका पावसाळ्यात साधारण बारा मिनिटे उत्तम चालत असे आणि मग दोनचार आचके देऊन बंद पडत असे. माळीकाका ते सावलीत ओढून नेत, चहा पिऊन येत, आणि परत येऊन दोरी ओढली की ते काहीच घडले नसल्यासारखे सुरू होई. मी दोन रविवार खर्ची घालून कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग, दोनदा खोलला, धुतला, त्याचे पॅकिंग बदलले, तरीही बारा मिनिटांचा हिशेब चुकला नाही. दोष अखेर टाकीच्या झाकणात निघाला. झाकणातील टाचणी जेमतेम जाईल एवढे हवेचे छिद्र धूळ आणि गवताचा रस यांनी बुजले होते. पेट्रोल जसजसे खाली जाई तसतशी टाकीत बाहेरची हवा यायला हवी ती येत नसे, आतला दाब कमी होत जाई, आणि शेवटी पेट्रोल खाली उतरणेच थांबे. यंत्र उभे राहिले की फटींतून हवा झिरपून दाब सावरत असे, म्हणून ते पुन्हा सुरू होई. झाकण फिरवताना येणारा ‘स्स्’ असा बारीक आवाज मी पहिल्याच दिवशी लक्ष देऊन ऐकला असता, तर पान्याला हात लावावा लागला नसता.

त्यामुळे पुढील सर्व मजकूर एका आग्रहाने लिहिला आहे. इंजिन का बंद पडते, हे शोधण्याआधी ते कसे बंद पडते, हे नीट पाहावे: किती मिनिटांनी, कोणत्या आवाजाने, गवत कापताना की नुसते उभे असताना, आणि लगेच सुरू होते की निवल्यावरच. या उत्तरांवरून निम्मा शोध जागच्या जागी संपतो. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि यंत्र चालवून पाहावे; प्लग, फिल्टर आणि पेट्रोल एकाच दिवशी बदलले तर यंत्र कशामुळे सुधारले हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

येथे गृहीत धरलेले यंत्र म्हणजे हाताने ढकलण्याचे, खाली आडवे फिरणारे पाते असलेले, उभ्या शाफ्टचे, एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे फोर-स्ट्रोक इंजिन होय. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, होंडा, टेकमसे या कंपन्यांची साधारण साडेतीन ते साडेपाच अश्वशक्तीची अशी इंजिने जुन्या बंगल्यांत, शाळांच्या मैदानांवर आणि परदेशात राहणाऱ्या मंडळींच्या गॅरेजमध्ये अजूनही टिकून आहेत. कोकणातील बागांत खांद्याला अडकवून वापरतात त्या ग्रास कटरचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक असते आणि त्याच्या कार्बोरेटरची रचना वेगळी असते, त्यामुळे पुढील सगळेच त्याला लागू पडणार नाही.

हात लावण्यापूर्वी काही गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पात्याला किंवा यंत्राच्या खालच्या भागाला स्पर्श करण्याआधी प्लगची टोपी काढून ती प्लगपासून दूर बांधून ठेवावी, कारण गरम इंजिनात पाते हाताने अर्धा फेरा फिरले तरी इंजिन एखादा ठोका मारू शकते आणि तेवढ्याने बोट जाते. काम उघड्या जागेत करावे. बंद खोलीत इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो. गरम इंजिनाच्या टाकीत पेट्रोल ओतू नये. यंत्र आडवे करायचे झाल्यास टाकी जवळजवळ रिकामी असावी आणि कार्बोरेटर व एअर फिल्टरची बाजू नेहमी वर राहावी. ती बाजू खाली गेली तर क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या पोटातील, ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरते, इंजिन पांढरा धूर ओकते आणि थोड्या वेळाने श्वास कोंडून बंद पडते. पाते साफ करण्यासाठी यंत्र उलटे केले आणि त्या दिवसापासून ते बिघडले, अशी तक्रार ऐकली की मी प्रथम फिल्टर पिळून पाहतो.

बंद पडण्याच्या रीती

जे इंजिन चोकवर सुरू होते आणि चोक काढताच पाच-दहा सेकंदांत मरते, त्याला पेट्रोल कमी मिळते आहे. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी पत्री. हवा अडवल्यावरच इंजिन जगत असेल, तर मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे हे उघड आहे. वजनाने सुमारे १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल हे प्रमाण पूर्ण ज्वलनासाठी लागते, आणि कार्बोरेटरमधील अर्ध्यापाऊण मिलिमीटरच्या छिद्रात थोडा चिकटा बसला तरी ते बिघडते. इंजिनाचा आवाज लाटेसारखा चढतो, उतरतो, पुन्हा चढतो आणि एखाद्या उतरणीत विझतो, हेसुद्धा याच दुखण्याचे सौम्य रूप आहे. वेग पडला की इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे मिश्रणाची वाट कमीजास्त करणारी झडप, उघडतो, थोडे पेट्रोल आले की वेग वाढतो, गव्हर्नर थ्रॉटल मिटतो, आणि हा खेळ चालू राहतो. पुष्कळ जण अशा वेळी गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात किंवा वाकवतात. ते करू नये, कारण गव्हर्नर आपले काम चोख करीत असतो आणि स्प्रिंग एकदा बिघडली की इंजिन मर्यादेबाहेर फिरू लागते.

याउलट काळा धूर, जड आवाज आणि प्लगवर काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी आहे. बटण दाबून दिवा घालवावा तसे इंजिन क्षणात, कोणतीही पूर्वसूचना न देता थांबले, तर ठिणगी गेली असे समजावे. दहा-वीस मिनिटे चालून, गरम होऊन थांबणाऱ्या इंजिनात संशयित तीन असतात: टाकीचे झाकण, प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल आणि सिलिंडरची झडप, म्हणजे व्हॉल्व. या तिघांतील फरक ओळखण्याची रीत पुढे येईल, पण त्यासाठी इंजिन बंद पडल्यापासूनची पहिली दोन मिनिटे महत्त्वाची आहेत. ते थांबताच झाकण सैल करून दोरी ओढावी. लगेच सुरू झाले तर झाकणाकडे बोट जाते. झाले नाही तर जाड हातमोजा घालून प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, पण पेट घेत नाही.

पेट्रोल

जुन्या यंत्रांच्या बाबतीत सर्वांत आधी टाकीतले पेट्रोल काढून पाहावे, आणि तेही पारदर्शक काचेच्या बाटलीत. बाटली पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर तळाशी पाण्याचे थेंब किंवा वेगळा थर, गंजाची लाल पूड, रबराचे काळे कण दिसतात का ते पाहावे. ताज्या पेट्रोलचा वास नाकात झोंबतो. शिळ्याला जुन्या वार्निशसारखा आंबूस वास येतो. छोट्या इंजिनांचे निर्माते पेट्रोल महिनाभरापेक्षा जास्त साठवू नये असे सांगतात, आणि आपल्याकडे तर मोअर उन्हाळाभर पाण्याअभावी वाळलेल्या हिरवळीच्या कडेला पडून असतो व मृगाचा पाऊस झाल्यावर थेट दोरी ओढली जाते. चार महिन्यांत पेट्रोलचा हलका, चटकन पेटणारा अंश उडून जातो आणि जो उरतो तो कार्बोरेटरच्या वाटीत पिवळसर गोंद होऊन बसतो.

इथेनॉलचा प्रश्न यात नव्याने भर घालतो. भारतात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये गाठले गेले आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर नेण्यात आले. छोट्या इंजिनांच्या जुन्या माहितीपुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या नळ्यांचे रबर मऊ करते, आणि त्याच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे तेवढ्याच जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरमधील पेट्रोलच्या बारीक छिद्रातून, येणारे मिश्रण थोडे विरळ पडते. म्हणून सर्व काही स्वच्छ असूनही जुने इंजिन लाटेसारखे चढउतार करीत असेल आणि चोक किंचित ओढताच शांत होत असेल, तर प्रत्येक वेळी कचऱ्यालाच दोष देऊ नये. मिश्रणाचा स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये तो स्क्रू इंजिन गरम असताना एक अष्टमांश फेरा उघडून पाहता येतो. ज्यात स्क्रूच नाही, तेथे एक क्रमांक मोठा जेट मिळाला तर बसवावा, नाहीतर पंधरा दिवसांत संपेल एवढेच पेट्रोल आणावे.

टाकीनंतर नळी पाहावी. कार्बोरेटरकडची नळी काढून तिचे टोक बाटलीत सोडावे, टाकीचे झाकण घट्ट लावलेले ठेवावे, आणि धार दोन-तीन मिनिटे तरी न्याहाळावी. नुसती धार आली म्हणून समाधान मानू नये. ती सुरुवातीला जोरात येऊन मग थेंबांवर येत असेल आणि झाकण उघडताच पुन्हा वाहू लागत असेल तर दोष झाकणात आहे, आणि झाकण उघडूनही मंदच राहत असेल तर टाकीतील जाळीत, फिल्टरमध्ये किंवा नळीत आहे. जुन्या नळीचे आतले अस्तर सुटून झडपेसारखे लोंबते आणि वाहत्या पेट्रोलबरोबर वाट बंद करते. बाहेरून अशी नळी अगदी ठणठणीत दिसते. ती फुंकून पाहत बसण्यापेक्षा बदलावी. झाकणाचे छिद्र बारीक सुईने मोकळे करावे, पण ते ड्रिलने मोठे करण्याचा मोह टाळावा, कारण त्यातून उताराच्या जागी गरम सायलेन्सरवर पेट्रोल सांडते.

कार्बोरेटर

इथवर सारे ठीक निघाले तरच कार्बोरेटर खोलावा. खोलण्याआधी लिंका आणि स्प्रिंगा कोणत्या छिद्रात अडकवल्या आहेत याचे दोन-तीन बाजूंनी मोबाइलवर फोटो काढावेत. गव्हर्नरच्या तरफेला शेजारी शेजारी तीन छिद्रे असतात, आणि ‘लक्षात राहील’ असे म्हणणाऱ्याच्या लक्षात ते कधीच राहत नाही.

फ्लोटच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे ज्यात तरंगता फ्लोट नीडल दाबून पेट्रोलची वाट बंद करतो त्यात, खालची वाटी एका बोल्टने धरलेली असते. टाकीचा कॉक बंद करून, किंवा कॉक नसल्यास नळी चिमट्याने दाबून, खाली स्टीलची वाटी धरावी आणि तो बोल्ट सोडवावा. पुष्कळ टेकमसे इंजिनांत आणि त्यांसारख्या इतर रचनांत हा बोल्ट म्हणजेच मुख्य जेट असतो: त्याच्या अंगात आडवे आणि उभे अशी छिद्रे असतात, आणि मळीचा थर एवढा सारखा बसलेला असतो की तेथे छिद्र आहे हेच नवख्याला दिसत नाही. बोल्ट पेट्रोलने पुसून उजेडासमोर धरावा. छिद्रातून उजेडाचा गोल, तीक्ष्ण कडांचा ठिपका दिसला पाहिजे. अंधूक किंवा अर्धचंद्रासारखा दिसला तर आत अजून काही आहे. होंडाच्या इंजिनांत पितळी जेट वाटीच्या आत, मधल्या खांबात पेचाने बसवलेला असतो आणि त्याला बरोबर मापाचाच स्क्रू ड्रायव्हर लावावा लागतो, नाहीतर पितळेची खाच जाते आणि मग तो निघता निघत नाही.

छिद्र साफ करण्यासाठी ड्रिल, टाचणी किंवा दाढीचे पाते चालत नाही, कारण पितळ मऊ असते आणि छिद्र मोठे झाले की इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते. घरातील जुन्या लवचीक वायरमधील तांब्याची एक बारीक तार सोलून घ्यावी. ती वाकते, पण पितळाला ओरखडा काढत नाही. त्यानंतर कार्बोरेटर क्लीनरचा फवारा प्रत्येक वाटेतून मारावा आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो की नाही ते पाहावे. डोळ्यांवर चष्मा असावा, कारण हा द्रव अनपेक्षित छिद्रातून सरळ तोंडावर येतो. रबरी रिंगा आणि वाटीचे पॅकिंग आधीच काढून बाजूला ठेवावे. क्लीनरमध्ये भिजलेली रिंग फुगते आणि खाचेत पुन्हा बसत नाही, मात्र रात्रभर उघड्यावर ठेवली तर बहुतेक वेळा पूर्ववत होते.

मुख्य जेटपेक्षाही बारीक असतो तो मंद वेगाचा जेट. इंजिन भाराखाली बरे चालत असेल, पण भार गेला की लाटा मारून थांबत असेल, तर बहुधा हाच बुजलेला असतो. नुसत्या फवाऱ्याने तो मोकळा होत नाही; तो काढून, तार फिरवून, हवेचा दाब देऊनच साफ करावा लागतो. फ्लोट कानाशी हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळत असेल तर तो बुडू लागला आहे, नीडल वाट बंद करू शकत नाही आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल ओसंडते. असे ओसंडलेले पेट्रोल सिलिंडरवाटे खाली ऑइलमध्ये उतरलेले असू शकते. ऑइलच्या कांडीला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर फ्लोट दुरुस्त केल्यावर ऑइलही बदललेच पाहिजे, कारण पातळ झालेले ऑइल एका दुपारीत कनेक्टिंग रॉड खाऊन टाकते.

ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या जुन्या इंजिनांपैकी पुष्कळांत फ्लोट नसतो. कार्बोरेटर थेट टाकीच्या माथ्यावर बसवलेला असतो, आणि मधला पातळ रबरी पडदा, म्हणजे डायाफ्राम, इंजिनाच्या ओढीने फडफडून टाकीतले पेट्रोल वरच्या लहान कप्प्यात चढवतो. हा पडदा कडक झाला, त्याला सुरकुती पडली किंवा कडेला चीर गेली की इंजिन सुरू होते, चार ठोके देते आणि मरते. टाकी भरलेली असताना बरे चालणे आणि अर्धी झाल्यावर बंद पडणे ही या दोषाची ठळक खूण आहे, कारण पातळी खाली गेली की पंपाला जास्त उंच उपसावे लागते. पडदा बदलताना त्याच्याखालची स्प्रिंग आणि टोपी ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत बसवावी, आणि टाकीच्या माथ्यावरील पृष्ठभाग पोलादी पट्टी ठेवून सपाट आहे की नाही ते तपासावे. तेथे कागदाएवढी फट असली तरी नवा पडदा जुन्यासारखाच वागतो. यातील काही कार्बोरेटरांना मिश्रणाचा स्क्रू असतो. तो अलगद पूर्ण बंद करून दीड फेरा उघडला की इंजिन सुरू होण्यापुरते प्रमाण मिळते आणि नेमकी जागा मग इंजिन गरम झाल्यावर कानाने ठरवावी.

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधील पॅकिंग फाटले असेल किंवा नट सैल असतील तर तेथून ओढली जाणारी जादा हवाही मिश्रण विरळ करते. चालू इंजिनावर ज्वालाग्राही फवारा मारून गळती शोधण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. लालबुंद तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर हा प्रयोग करू नये. पॅकिंग चार पैशांचे असते, सरळ नवे घालावे.

एअर फिल्टरविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. कागदी फिल्टर झटकून साफ होत नसेल तर बदलावा, स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, ऑइलचे थोडे थेंब चोळून बसवावा, आणि ‘चालतंय की’ म्हणून फिल्टरविना यंत्र चालवू नये. सायलेन्सरचे तोंडही एकदा पाहावे. आमच्या यंत्रात एकदा कुंभारीण माशीने तेथे मातीचे घर बांधले होते आणि इंजिन सुरू होऊन लगेच गुदमरत होते.

ठिणगी

प्लगचा रंग इंजिनाच्या पोटातली हकिकत सांगतो. फिकट तपकिरी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बुजलेला. चकचकीत काळा ओलावा म्हणजे ऑइल जळते आहे. आणि पांढराफटक प्लग म्हणजे मिश्रण विरळ किंवा इंजिन अति तापते आहे. या इंजिनांपैकी बहुतेकांना ०.७ ते ०.८ मिलिमीटर गॅप लागतो, आणि तो डोळ्यांच्या अंदाजाने न ठेवता फिलर गेजने मोजावा. चिनीमातीला केसाएवढी भेग गेलेला प्लग थंड असताना ठिणगी देतो आणि तापल्यावर दगा देतो, त्यामुळे जुना प्लग घासत बसण्यापेक्षा एक नवा प्लग हाताशी ठेवून बदलून पाहणे स्वस्त पडते.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग टोपीत घालून त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या धातूला टेकवावा, आणि तो प्लगच्या छिद्रापासून दूर असावा, कारण त्या छिद्रातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लग उघड्या हाताने धरू नये. दोरी ओढल्यावर निळसर, टच् आवाज करणारी ठिणगी दिसली पाहिजे. येथे पुन्हा वेळेचे महत्त्व आहे: गरम होऊन बंद पडणाऱ्या इंजिनाची ठिणगी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहण्यात काही अर्थ नाही, ती थांबल्या थांबल्याच पाहावी. कॉइलमधील केसासारखी तार एखाद्या जागी तुटलेली असते, थंडपणी तिची टोके एकमेकांना टेकलेली असतात आणि तापल्यावर प्रसरणाने दूर जातात. अर्ध्या तासाने निवली की पुन्हा जुळतात. अशी कॉइल दुरुस्त होत नाही.

मात्र कॉइल विकत आणण्यापूर्वी तिला जोडलेली बारीक काळी वायर तपासावी. हँडलवरची तरफ सोडली की इंजिन थांबते ते या वायरमुळे. ती इंजिनाच्या धातूला जोडली गेली की ठिणगी बंद होते. अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या ढकलण्याच्या मोअरांना तरफ सोडल्यावर तीन सेकंदांत पाते थांबणे सक्तीचे झाले, आणि तेव्हापासून ही तरफ, तिची केबल, ब्रेक आणि हा स्विच अशी साखळी सर्वत्र रुळली. जुन्या यंत्रात केबल सैल पडते, तरफ पूर्ण दाबूनही ब्रेक अर्धवट लागलेला राहतो किंवा स्विचची पट्टी हादऱ्यासरशी टेकते, आणि यंत्र खड्ड्यात आपटले की इंजिन टपकन बंद होते. वायरचे आवरण सोलून ती पत्र्याला लागत असेल तरीही हेच घडते. ठिणगी तपासण्यापुरती ती वायर कॉइलपासून सुटी करून पाहावी. ठिणगी परत आली तर दोष वायरीत किंवा स्विचमध्ये आहे. ती तशीच सुटी ठेवून गवत कापायला मात्र जाऊ नये, कारण मग वेळ आली तर पाते थांबवण्याचा उपाय हातात राहत नाही.

कॉइल आणि फ्लायव्हीलचे, म्हणजे शाफ्टवरील जड चाकाचे, चुंबक यांत साधारण पाव मिलिमीटर अंतर असावे लागते. पावसाळ्यात चुंबकावर गंज चढतो. तो पॉलिश पेपरने उतरवावा, मधे एक साधे व्हिजिटिंग कार्ड ठेवून कॉइल चुंबकाला चिकटू द्यावी, स्क्रू आवळावेत आणि कार्ड ओढून काढावे. १९८० च्या दशकापूर्वीच्या इंजिनांत फ्लायव्हीलखाली ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे काँटॅक्ट पॉइंट असतात आणि त्यांवरचा काळा थर हे बंद पडण्याचे नेहमीचे कारण असते.

पाते दगडावर, झाडाच्या खुंटावर किंवा जमिनीतून डोकावणाऱ्या पाइपवर आदळल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर वरचे सगळे बाजूला ठेवून फ्लायव्हीलची चावी पाहावी. शाफ्ट आणि फ्लायव्हील यांच्या खाचेत बसणारी ही मऊ धातूची छोटी कांडी मुद्दाम दुबळी ठेवलेली असते, म्हणजे धक्का शाफ्टला न बसता तिला बसतो. ती तिरकी कापली गेली की फ्लायव्हील थोडे सरकते, ठिणगी चुकीच्या क्षणी पडते, दोरी हाताला उलटा हिसका देते, कार्बोरेटरमधून फुसफुस होते आणि इंजिन ताकद नसल्यासारखे चालून थांबते. फ्लायव्हील पुलरनेच काढावे; हातोडीने ठोकल्यास चुंबक किंवा शाफ्टचे आटे जातात. कांडीवर नखाला जाणवेल एवढी पायरी दिसली तरी ती बदलावी. पात्याचा बोल्टही त्याच बैठकीत तपासावा, कारण हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनांत पात्याचे वजनच फिरण्याचा जोर टिकवून ठेवते आणि ते सैल असले की सुरू होतानाच इंजिन अडखळते.

उष्णता, कॉम्प्रेशन आणि गवत

झाकण, कॉइल आणि पेट्रोल यांतून सुटलेले, तरीही गरम झाल्यावर थांबणारे इंजिन असेल तर दोरी ओढताना हाताला लागणारा विरोध आठवावा. थंड असताना दोरी ठसठशीत अडते आणि बंद पडल्यावर लोण्यातून ओढल्यासारखी येते, असे होत असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, जात आहे. व्हॉल्वची बैठक झिजत गेली की व्हॉल्व आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांतील अंतर कमी होते. तापल्यावर व्हॉल्वची दांडी लांबते, अंतर संपते आणि व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. जुन्या साइड-व्हॉल्व इंजिनांत हे अंतर वाढवायला व्हॉल्वच्या दांडीचे टोक घासावे लागते. फिलर गेज, व्हॉल्व स्प्रिंग दाबण्याचे अवजार आणि सवय नसेल तर हे काम वर्कशॉपवर सोपवावे. घरी एक घाव जास्त घासला तर तो भरून काढता येत नाही.

त्याआधी मात्र वरचे पत्र्याचे आवरण काढून सिलिंडर थंड ठेवणाऱ्या त्याच्या अंगावरच्या पात्या मोकळ्या कराव्यात. दहा वर्षे न उघडलेल्या यंत्रात तेथे वाळक्या गवताचा गादीसारखा थर निघतो, एखाद्या वेळी उंदराचे घरही. हवा फिरत नसेल तर कोणतेही इंजिन तापून मलूल होते. ऑइल कांडीवरील खुणेइतकेच असावे, आणि आपल्या हवामानात या इंजिनांना एसएई ३० योग्य ठरते.

केवळ दाट गवतात बंद पडणारे इंजिन कदाचित आजारी नसतेच. श्रावणातले ओले, गुडघाभर गवत एका फेरीत जमिनीलगत कापायला गेल्यास नवे यंत्रही थांबेल. उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त एका वेळी कापू नये, चाकांची उंची वर ठेवून पहिली फेरी मारावी, आणि पाते धारदार असावे. मोअरच्या पोटात चिकटलेला हिरवा लगदा लाकडी पट्टीने खरवडून काढला, तेवढ्याने इंजिनाचा आवाज मोकळा झालेला मी पाहिला आहे.

हंगाम संपल्यावर यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे वाटीतले पेट्रोलही संपते. निवल्यावर प्लग काढून सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर ऑइल घालावे, दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढून ते पसरू द्यावे आणि प्लग परत बसवावा, पण त्याची टोपी सुटीच ठेवावी. शेवटी दोरी हळूहळू ओढत जावी आणि हाताला जेथे पुरता विरोध जाणवेल तेथे थांबावे. त्या जागी दोन्ही व्हॉल्व मिटलेले असतात, त्यामुळे दमट हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही.